बीसीएम बदलण्याआधी अर्थिंग तपासा

वायपर आपोआप फिरतात, सेंट्रल लॉक मध्येच टकटक करतं, आतला दिवा विझत नाही. असं एकदम सगळं बिघडलं की मेकॅनिक लगेच म्हणतो, ‘बीसीएम गेला.’ म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूल, दिवे, लॉक, वायपर सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा. पार्ट महाग, म्हणून जरा थांबा.

आधी मल्टिमीटर घ्या. गाडी काही तास बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४. मग हेडलाइट लावून मीटरचं एक टोक मॉड्यूलच्या अर्थ वायरला (गाडीच्या बॉडीला बोल्टने जोडलेली निगेटिव्ह वायर), दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर दोष बहुधा अर्थचा: बोल्ट सोडवा, पॉलिशपेपरने घासा, घट्ट आवळा. फ्यूजही मीटरनेच तपासा, नुसतं बघून कळत नाही.

पावसाळ्यात काचेखालच्या जाळीत पाला अडकतो आणि पाणी डॅशबोर्डखाली झिरपतं. कनेक्टर काढून पिना बघा. हिरवट बुरशीसारखा थर म्हणजे गंज. कधी कधी कॉन्टॅक्ट क्लीनरवरच काम भागतं.

एवढं करूनही सप्लाय, अर्थ ठीक आणि स्कॅनरला (गाडीचे दोष वाचणारं यंत्र) मॉड्यूल उत्तरच देत नसेल, तर बदला. पण भंगारातला उचलून लावू नका. बऱ्याच गाड्यांत त्यात जुन्या गाडीचा चॅसी नंबर आणि चाव्या नोंदलेल्या असतात. तुमचा जुना वाचता येत असेल तर त्याचं कोडिंग, म्हणजे त्यात भरलेली तुमच्या गाडीची माहिती, आधी उतरवून घ्या. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढूनच मॉड्यूलला हात घाला. आणि नव्याच्या कोडिंगला जाताना घरातल्या सगळ्या चाव्या न्या, कपाटातली स्पेअरसुद्धा.