तिकिटांआधी पासपोर्ट उघडा
सहकुटुंब परदेशी जायचं ठरलं की तिकिटं काढण्याआधी सगळ्यांच्या पासपोर्टची मुदत तपासा. बरेच देश प्रवेशाच्या दिवसापासून पुढे 6 महिन्यांची वैधता मागतात. युरोपातल्या शेंगेन देशांत (जिथे एकाच व्हिसावर फिरता येतं) परतीच्या तारखेनंतर किमान 3 महिने मुदत लागते आणि पासपोर्ट काढून 10 वर्षं उलटलेली चालत नाहीत. घोळ बहुधा मुलांच्या पासपोर्टात होतो, कारण त्यांची मुदत सहसा मोठ्यांपेक्षा कमी असते.

तिकिटावर नाव आठवणीतून टाकू नका. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी दोन ओळी असतात. त्यातल्या पहिल्या ओळीत देशाच्या कोडनंतर आधी आडनाव, मग दोन टोकदार खुणा (<<) आणि पुढे नाव. तेच स्पेलिंग अक्षर न् अक्षर उतरवा. ऑनलाइन व्हिसा पासपोर्टच्या क्रमांकाला जोडलेला असतो. मध्येच पासपोर्ट नवा केला तर बहुतेक वेळा पुन्हा अर्ज करावा लागतो, म्हणून नूतनीकरण आधी, व्हिसा नंतर.

आई-वडिलांपैकी एकच जण मुलाला नेणार असेल, तर दुसऱ्याचं संमतीपत्र, शक्यतो नोटरी केलेलं, आणि मुलाचा जन्मदाखला हातातल्या बॅगेतच ठेवा. चेक-इनच्या सामानात गेलेला कागद इमिग्रेशनच्या खिडकीपाशी काही कामाचा नाही.