शिळा भात, उरलेली उसळ आणि नाचणीचं थालीपीठ

रात्रीचा वाटीभर भात, तळाला राहिलेली चवळीची किंवा मुगाची उसळ आणि स्वयंपाकाचा मनापासून कंटाळा. अशा दिवशी बाहेरून काही मागवण्याआधी हे करून बघा, पंधरा-वीस मिनिटांत दोघांचं पोटभर जेवण होतं.

१. वाटीभर भात हाताने चांगला कुस्करा. उकडा असेल तर पाण्याचा हबका मारून मगच, कारण त्याची शितं टणक राहतात.
२. त्यात अर्धी वाटी उसळ रसासकट घाला. कांदा, कोथिंबीर, असल्यास शेवग्याचा मूठभर पाला चिरून घाला. मीठ आधी चाखून बघा, उसळीत असतंच.
३. मावेल तेवढं नाचणीचं पीठ, साधारण पाऊण वाटी. वेगळं पाणी बहुधा लागत नाही.
४. केळीच्या पानाला तेलाचा हात लावून गोळा थापा, मध्ये भोक पाडा आणि पानासकट तव्यावर पालथा घाला. पान काळपट पडून कडा सुटल्या की अलगद सोलून काढा. भोकात तेल सोडून झाकण ठेवा, मग उलटून दुसरी बाजू खरपूस भाजा.

सोबत सोलकढी किंवा ताक पुरे. माशाचं कालवण मात्र यात ढकलू नका, काटा घशात जायचा.

भात रात्रीच गार करून फ्रिजमध्ये गेलेला हवा. आपल्या दमट हवेत रात्रभर ओट्यावर राहिलेला भात वास न येताही बाधू शकतो, आणि तो दोष भाजूनही जात नाही.