गॅपनंतर नर्सिंगला जायचंय? मग या चुका टाळा

दरवर्षी जून-जुलैत आमच्या वॉर्डात एखादी मुलगी पेशंटच्या कॉटशेजारून उठून हळूच माझ्यापाशी येते. "सिस्टर, बारावी होऊन वर्ष झालं. घरीच होते. आता नर्सिंगला घेतील का?" आवाज असा की जणू काही गुन्हाच केलाय. कुणाचं वर्ष 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या तयारीत गेलेलं असतं, कुणाचं घरच्या आजारपणात, कुणाचं पैशाअभावी. माझंही गेलं होतं. वडील अंथरुणाला खिळले होते आणि भावंडांत मीच थोरली.

घेतात. नक्की घेतात. भारतीय परिचर्या परिषदेची वयाची अट अशी, की प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला १७ वर्षं पूर्ण हवीत. जीएनएमसाठी (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी, म्हणजे नर्सिंगची पदविका) वरची मर्यादा ३५ वर्षांची आहे, म्हणजे एका वर्षाच्या गॅपने तिथं काहीच बिघडत नाही. कागद तपासायच्या टेबलावर "का थांबलीस?" असं कुणी विचारत नाही, "कागद कुठाय?" असं विचारतात. मी ज्या मुलींचे प्रवेश हुकताना पाहिले, ते त्या घरी बसलेल्या वर्षामुळे हुकले नाहीत. त्या वर्षात जे केलं किंवा जे करायचं राहिलं, त्यामुळे हुकले.

"नर्सिंग" एवढं नाव पाहून पैसे भरणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीनं होतं, म्हणून तिच्यावर जरा थांबते.

तालुक्याच्या एसटी स्टँडजवळ बोर्ड असतो: सहा महिन्यांत किंवा एका वर्षात नर्सिंग, शंभर टक्के नोकरी. वर्ष रिकामं जातंय या धास्तीनं आईवडील तिथं पैसे भरतात. मुलगी पांढरा कोट घालून एखाद्या खासगी दवाखान्यात जाऊ लागते, लोक तिला सिस्टर म्हणू लागतात, सगळ्यांना बरं वाटतं. दोन-तीन वर्षांनी सरकारी भरतीची जाहिरात येते, त्यात महाराष्ट्र परिचर्या परिषदेचा नोंदणी क्रमांक मागितलेला असतो आणि तेव्हा कळतं, की आपल्याकडे तो नाही आणि या कोर्सवर तो कधी मिळणारही नाही.

नोंदणी मिळवून देणारे रस्ते मोजकेच आहेत. एएनएम (सहायक नर्स आणि प्रसाविका) दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. जीएनएम झालेल्यांना पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येतं. पेशंट केअर किंवा जनरल ड्यूटी असिस्टंट हे कोर्स मदतनिसाच्या कामासाठी असतात. ते काम कष्टाचं आणि मानाचं आहे, त्याला मी कमी लेखत नाही. पण ते केल्यानं नर्स होता येत नाही, आणि ते केलं म्हणून नर्सिंगच्या प्रवेशात एक गुणही वाढत नाही.

याच्याच जोडीची दुसरी चूक म्हणजे गॅपमध्ये अनुभव म्हणून एखाद्या छोट्या दवाखान्यात इंजेक्शन द्यायला, सलाइन लावायला शिकणं. माझ्या ओळखीतल्या एका मुलीनं असं वर्षभर केलं. औषधाचं नाव न वाचता, डॉक्टर सांगतील ती बाटली लावायची सवय तिला लागली. पुढे जीएनएमला गेल्यावर ती सवय मोडायला तिच्या ट्यूटरना किती कष्ट पडले ते मी पाहिलंय. नशीब, मधल्या काळात कुणाचा जीव गेला नाही. कमावणं गरजेचं असेल तर दवाखान्यातच केस पेपर काढायचं किंवा रिसेप्शनचं काम धरा. पेशंट आणि नातेवाईक कसे बोलतात, कशाला घाबरतात, हे तिथंही शिकायला मिळतं.

आपल्या बारावीला कोणता रस्ता लागतो, ते न पाहणं

बी.एस्सी. नर्सिंगला बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं आणि त्यांत मिळून किमान ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के. आर्ट्सच्या मुली इथं येऊन रडतात, पण जीएनएम त्यांनाही खुलं आहे. इंग्रजीसह बारावी आणि ४० टक्के गुण लागतात, विज्ञानाला प्राधान्य असलं तरी इतर शाखा बाद नाहीत. आज ज्या कित्येक इन्चार्ज सिस्टर आहेत त्या जीएनएम करून, नोकरी सांभाळून, मग पोस्ट बेसिक करून वर आल्या आहेत. त्यामुळे बी.एस्सी. मिळालं नाही म्हणून अजून एक वर्ष वाट पाहत बसायचं की जीएनएमला जायचं, असं कुणी विचारलं तर मी जीएनएमच्या बाजूनं सांगते.

विज्ञानाला दोन-चार टक्के कमी पडले असतील तर गॅपचं वर्ष त्यासाठीच वापरा. राज्य मंडळाच्या श्रेणीसुधार योजनेत बारावीची परीक्षा पुन्हा देता येते. मात्र लष्करी परिचर्या सेवेचं स्वप्न असेल तर आधीच पाहून घ्या. पुण्याच्या एएफएमसीसह (सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय) लष्कराच्या नर्सिंग कॉलेजांत बारावी पहिल्या प्रयत्नात पास असावी लागते, या चार विषयांत ५० टक्के लागतात आणि त्याच वर्षीचे नीटचे गुण धरले जातात. बाकीच्या महाराष्ट्रात आता बी.एस्सी. नर्सिंगसाठी नीट लागत नाही, म्हणून पुष्कळ मुली नीटचा अर्जच भरत नाहीत आणि लष्कराची जाहिरात आल्यावर हळहळतात.

निकाल लागल्यावर जागं होणं

राज्य सीईटी कक्ष बी.एस्सी. नर्सिंगची वेगळी सीईटी, म्हणजे सामायिक प्रवेश परीक्षा, घेतो. बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो आणि तोवर बहुधा या सीईटीच्या अर्जाची मुदत संपलेली असते. कॉलेजात असलेल्या मुलींना निदान सर सांगतात, मैत्रिणी सांगतात. घरी बसलेल्या मुलीला कुणी सांगत नाही, आणि गॅपमधला खरा धोका हाच आहे. म्हणून डिसेंबर उजाडला की आठवड्यातून एकदा सीईटी कक्षाचं संकेतस्थळ स्वतः उघडायचं. भावाला सांगून ठेवलंय, सायबर कॅफेवाल्याला सांगून ठेवलंय, असं नको.

गेल्या वर्षीचे सीईटीचे गुण या वर्षी चालत नाहीत, परीक्षा पुन्हा द्यावीच लागते. पेपर १०० गुणांचा आणि ९० मिनिटांचा. भौतिक, रसायन, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंगचा कल तपासणारे प्रश्न, प्रत्येकी २०. उणे गुण नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका. गॅप घेतलेल्या मुली जीवशास्त्र पाठ करत बसतात आणि इंग्रजीला हातच लावत नाहीत. ते २० गुण रोज अर्ध्या तासाच्या वाचनानं मिळण्यासारखे असतात, आणि पुढे सगळी पुस्तकं, सगळ्या नोंदी इंग्रजीतच असणार आहेत.

कागद नंतर जमवू, असं म्हणणं

मध्ये वर्ष गेलं असेल तर प्रवेशाच्या वेळी गॅपचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. ते अगदी साधं असतं. अमुक महिन्यापासून तमुक महिन्यापर्यंत मी कुठेही प्रवेश घेतला नव्हता, एवढंच त्यात लिहायचं. पण ते खरं हवं. बऱ्याच मुलींनी मधल्या काळात एफ.वाय.ला, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाला, नाव घातलेलं असतं, चार दिवस जाऊन सोडलेलं असतं. त्यांचा मूळ शाळा सोडल्याचा दाखला त्या कॉलेजात पडलेला असतो. त्याला गॅप म्हणत नाहीत. तिथून रीतसर प्रवेश रद्द करून टीसी घ्या आणि अर्जात तसं लिहा. खोटं प्रतिज्ञापत्र पुढे पात्रता तपासताना उघडं पडलं, तर हातात आलेली जागा जाते.

जात पडताळणीचं तर विचारूच नका. राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर नुसता जातीचा दाखला पुरत नाही, व्हॅलिडिटी म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र लागतं. ते जिल्हा जात पडताळणी समितीकडून मिळतं (अनुसूचित जमातींसाठी वेगळी समिती आहे) आणि त्यासाठी जुना पुरावा शोधावा लागतो. ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, विमुक्त-भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा. म्हणजे आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, जन्म-मृत्यूची जुनी नोंद, असलं काही. आजोबांची शाळा दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर किती हेलपाटे होतात ते ज्यानं घातले त्यालाच ठाऊक. अकरावी-बारावीत कॉलेजमार्फत अर्ज जातो, म्हणून कॉलेज सुटलं तरी पुन्हा त्याच कॉलेजात जाऊन कारकुनाला भेटा, काय करता येईल ते विचारा. आणि पुरावा शोधण्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही. ते काम दिवाळीच्या सुट्टीत गावाला गेल्यावर सुरू करा.

नॉन-क्रिमिलेअर, म्हणजे घरचं उत्पन्न मर्यादेत असल्याचं प्रमाणपत्र, त्यावरची तारीख वाचा. ते ३१ मार्चला संपतं. गेल्या वर्षी काढलंय म्हणून निर्धास्त राहिलेली मुलगी ऐन गर्दीत सेतू केंद्रापुढे उभी राहते. ईडब्ल्यूएसचा (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) दाखलाही त्या-त्या आर्थिक वर्षापुरताच असतो.

आणि लग्न. गॅपच्या वर्षात लग्न झालेल्या मुली माझ्याकडे येतात तेव्हा मला विशेष आनंद होतो, कारण घरातून पुन्हा बाहेर पडायला त्यांना दुप्पट धैर्य लागतं. त्यांनी एक लक्षात ठेवायचं. दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव असतं आणि सासरी गेल्यावर आधार बदललेलं असतं. सीईटीचा अर्ज गुणपत्रिकेवरच्या नावानंच भरा आणि विवाह नोंदणीचा दाखला जवळ ठेवा. जात वडिलांकडून धरतात, त्यामुळे जातीचे पुरावे माहेरचेच लागतात, सासरचे नाही.

ओळखीच्या माणसाकडून जागा घेणं

"डोनेशन भरा, सीईटीची गरज नाही, अटेंडन्सचं बघून घेऊ." हे वाक्य कुणी म्हटलं तर उठून चालू लागा. अटेंडन्सचं बघून घेतलेली नर्स उद्या कुणाच्या तरी आईच्या उशाशी उभी राहणार असते. परराज्यातल्या कॉलेजच्या जागा घेऊन एजंट गावोगाव फिरतात, त्यांच्या बोलण्यावर जाऊन एका पालकांनी शेताचा तुकडा विकलेला मला माहीत आहे.

कॉलेजबद्दल चार गोष्टी स्वतः तपासा: राज्य शासनाची परवानगी, राज्याच्या परिचर्या परिषदेची मान्यता, भारतीय परिचर्या परिषदेच्या यादीत नाव आणि संलग्नता. महाराष्ट्रात बी.एस्सी.ची संलग्नता नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते, जीएनएमची महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाची. खासगी व्यावसायिक कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर असते, ती पाहिल्याशिवाय फीबद्दल बोलूच नका. मग एक दिवस काढून कॉलेजचं रुग्णालय बघायला जा. खाटांवर पेशंट आहेत का, की चादरी इस्त्रीच्या घडीतच आहेत? नर्सिंग वॉर्डात शिकतात. रिकाम्या रुग्णालयात चार वर्षं काढली तरी हात तयार होत नाही.

मुलींच्या पालकांसाठी पैशाची एक बाब. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून, आलेल्यांनाच. मॅनेजमेंट कोट्यातून जागा घेतली की ही माफी गेली. एजंट हे कधीच सांगत नाही. कॅपचा प्राधान्यक्रम भरतानाही घराजवळची तीन कॉलेजं लिहून थांबू नका. जिल्ह्याबाहेरची सरकारी कॉलेजं वर लिहा, वसतिगृहाची भीती पंधरा दिवसांत जाते.

शरीर तयार न करणं

याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून शेवटी सांगतेच. नर्सिंग म्हणजे तासन् तास उभं राहणं. वर्षभर घरी बसलेल्या मुलींना पहिल्या पोस्टिंगला भोवळ येते, काहीजणी तेवढ्यावरून सोडून जातात. रोज तासभर चाला, सकाळी उपाशी बाहेर पडू नका, हिमोग्लोबिन तपासून घ्या. कमी निघालं तर गोळ्यांनी ते पूर्ण भरून यायला काही महिने लागतात.

हिपॅटायटिस बीची लस घेतली आहे का, तेही घरी विचारा. नर्सिंगमध्ये सुई टोचण्याचा धोका रोजचा असतो. लहानपणी घेतल्याची नोंद सापडली नाही तर डॉक्टरांना दाखवा. मोठ्यांना तीन डोस लागतात: पहिला, त्यानंतर एक महिन्यानं दुसरा आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. ऑक्टोबरात सुरू केलं तर एप्रिलमध्ये पूर्ण होतं, म्हणजे वॉर्डात पाय ठेवायच्या आधीच. लसीचं कार्ड मिळालं की ते टीसी, गुणपत्रिका आणि नॉन-क्रिमिलेअर ठेवलेल्या फायलीतच लावा, दोन झेरॉक्ससह.