दंड-बैठका की जिमची वजने: नवशिक्याने सुरुवात कशी करावी

घरीच दंड-बैठका माराव्यात की जिम लावावी, या प्रश्नाचे उत्तर बहुधा खिशाकडे पाहून दिले जाते. कसोटी खरे तर वेगळी हवी. आज जेवढा भार पेलतो तिथूनच सुरुवात करता येते का आणि पुढे तो थोडा थोडा वाढवता येतो का, हे पाहावे, कारण ताकद वाढते ती या चढत्या भारामुळेच. आपल्या तालमींनी या दोन मार्गांत कधी भांडण लावले नाही. जोर-बैठकांच्या जोडीला मुद्गल आणि नाल ही वजने तिथे असतच.

छाती, खांदे आणि दंडांसाठी सुरुवातीला स्वतःचे शरीर पुरेसे असते. जमिनीवरच्या पुशअपमध्ये शरीराच्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भार हातांवर येतो. म्हणजे 75 किलो वजनाची व्यक्ती पहिल्याच दिवशी सुमारे 50 किलो ढकलू पाहत असते. तेव्हा पुशअप जमला नाही तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. हात जेवढे उंचावर, तेवढा भार कमी. म्हणून आधी भिंतीला, मग स्वयंपाकाच्या ओट्याला, मग जिन्याच्या तिसऱ्या पायरीला हात टेकवून पुशअप मारावेत आणि शेवटी जमिनीवर यावे. टाचांपासून डोक्यापर्यंत शरीर एका रेषेत राहिले पाहिजे, कंबर खाली लोंबू नये आणि कोपरे काटकोनात बाहेर न फाकवता फासळ्यांच्या जरा जवळ ठेवावीत. सलग 12 आवर्तने म्हणजे 12 पुशअप मारले की एक सेट होतो; असे तीन सेट स्वच्छ जमले की पुढची पातळी गाठावी.

पायांचे गणित निराळे आहे. सलग 50 बैठका मारणाऱ्याचा दमसास वाढत असतो, पण ताकदीची वाढ बरीच आधी मंदावलेली असते. अशा वेळी एक पाय पुढे आणि एक मागे ठेवून बसण्याचा व्यायाम करावा किंवा पाठीला पुस्तकांनी भरलेली सॅक लावावी. तरीही काही महिन्यांत वजनांची गरज भासतेच.

घरच्या व्यायामाची खरी उणीव पाठीच्या बाबतीत जाणवते, कारण ओढण्याचा व्यायाम करायला आधारच नसतो. बागेतल्या सिंगल बारला लटकून शरीर वर ओढायचे, तर जवळपास सगळे वजन पेलावे लागते आणि ते बहुतेक नवशिक्यांना जमत नाही. जिममधल्या लॅट पुलडाउनच्या, म्हणजे बसून वरचा दांडा खाली ओढायच्या यंत्रावर मात्र पिन 15 किंवा 20 किलोंवर लावून सुरुवात करता येते. म्हणूनच वजन जास्त आणि ताकद कमी असलेल्यांना जिम अधिक सोयीची ठरते, लोकांचा समज नेमका उलटा असला तरी.

जिममध्ये गेल्यावर रॉडचे वजन आधी विचारून घ्यावे. स्पर्धेतला पुरुषांचा रॉड 20 किलोंचा आणि महिलांचा 15 किलोंचा असतो, पण गल्लीतल्या जिममध्ये हलके रॉडही सर्रास आढळतात. स्क्वॉट, म्हणजे खांद्यांवर रॉड घेऊन मारायची बैठक, रिकाम्या रॉडने शिकावा आणि डोक्यावर वजन उचलण्यासाठी आधी हलके डंबेल घ्यावेत. 1.25 किलोंच्या प्लेटची जोडी लावली की भार अडीच किलोंनीच वाढतो. वजनांचा हा मोठा फायदा आहे, मात्र शेजारच्याशी चढाओढ सुरू झाली की तो वाया जातो.

जमिनीवर दहा पुशअप आणि वीस बैठका नीट जमत असतील, तर पहिले दोन महिने घरीच काढावेत आणि नंतर पाय व पाठीसाठी जिम लावावी, असे माझे मत आहे. तेवढे जमत नसेल, तर ओट्यावरचे पुशअप आणि जिमची यंत्रे एकदमच सुरू करावीत. वर्षाची फी एकदम भरण्याच्या आग्रहाला मात्र कोणीही लगेच बळी पडू नये.

दोन्ही मार्गांत आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून व्यायाम करावा, दोन सेटमध्ये सुमारे दोन मिनिटे थांबावे आणि आणखी दोन आवर्तने सहज जमतील असे वाटत असतानाच सेट संपवावा. प्रत्येक वेळचा भार व आवर्तने वहीत लिहून ठेवावीत. जोर लावताना श्वास सोडावा, रोखून धरू नये. रक्तदाब, हृदयविकार किंवा हर्निया असल्यास डॉक्टरांना आधी विचारावे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्नायू दुखणे स्वाभाविक आहे, पण सांध्यात कळ आली तर तो व्यायाम तिथेच थांबवावा.