समोरचा दिसतो, पण आपण त्याला दिसत नाही: व्हिडिओफोन जुळत नसतील तर

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. माझा लेक कर्णबधिर आहे, अमेरिकी खुणांच्या भाषेत बोलतो, आणि त्याचा फोन म्हणजे टीव्हीला जोडलेला व्हिडिओफोन. मध्यंतरी त्याच्या मित्राने दुसऱ्या कंपनीचा फोन घेतला आणि दोघांचं बोलणंच तुटलं. मित्र पडद्यावर स्वच्छ दिसायचा, पण लेक त्याला दिसायचा नाही. हातवारे करून करून पोर शेवटी सोफ्यावर गप्प बसलं. ते बघवेना, म्हणून मी यात डोकं घातलं.

ऐकू येणाऱ्या माणसाशी बोलायचं तर व्हिडिओफोन कंपनीचा दुभाष्या मध्ये बसून खुणांचं बोलण्यात आणि बोलण्याचं खुणांत भाषांतर करतो; याला रिले सेवा म्हणतात. पूर्वी काही कंपन्यांच्या यंत्रावरून दुसऱ्या कंपनीच्या दुभाष्याला कॉलच लावता येत नसे. २००६ साली अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने सांगितलं की अशी अडवणूक करणाऱ्या कंपनीला रिले निधीतून, म्हणजे या सेवेचा खर्च भागवणाऱ्या निधीतून, पैसे मिळणार नाहीत. तो प्रश्न मिटला, पण घरातल्या राऊटरचा मिटला नाही.

आधी दोष कुठे आहे ते शोधा. आपल्याच कंपनीच्या दुसऱ्या फोनला कॉल लावा. तो नीट लागला, तर मोबाइलचं हॉटस्पॉट सुरू करा, व्हिडिओफोन त्यावर जोडा आणि मग मित्राला लावा. हॉटस्पॉटवर चित्र दोन्हीकडे दिसलं, तर खोट घरच्या राऊटरमध्ये आहे. आमच्याकडे तेच निघालं. राऊटरच्या सेटिंगमध्ये ‘सिप एएलजी’ नावाची सोय असते. इंटरनेटवरचे कॉल राऊटरमधून नीट जावेत म्हणून ती दिलेली असली, तरी कॉलचे पत्ते बदलून घोळ घालू शकते. ती बंद करा, राऊटर आणि फोन दोन्ही बंद करून चालू करा. इंटरनेटवाल्याच्या मोडेममागे तुम्ही स्वतःचा राऊटर लावला असेल, तर मोडेम ‘ब्रिज मोड’वर टाकायला सांगा, म्हणजे तो स्वतः राऊटरचं काम करणार नाही. एकामागे एक दोन राऊटर असले, की असं एकतर्फी चित्र दिसू शकतं.

चित्र दोन्हीकडे येतं पण अडखळतं, तेव्हा वायफाय सोडून केबल लावा. खुणांच्या भाषेत नाव बोटांनी एकेक अक्षर दाखवून सांगताना मधलं एक अक्षर गळलं तरी नाव कळत नाही, त्यामुळे चित्र सलग येणं फार महत्त्वाचं.

मित्राचा जुना आयपी पत्ता (इंटरनेटवरचा आकड्यांचा पत्ता) जपून ठेवला असेल तर पुसून टाका आणि दहा अंकी नंबरच लावा. व्हिडिओफोनचे हे नंबर २००८च्या अखेरीपासून आहेत, नंबर तोच ठेवून कंपनीही बदलता येते. बदलण्याआधी सगळे संपर्क वहीत उतरवून ठेवा, आणि ९११साठी (अमेरिकेतला तातडीच्या मदतीचा नंबर) नोंदवलेला घरचा पत्ता नव्या कंपनीकडे बरोबर आहे ना ते स्वतः तपासा. हे मात्र विसरू नका.

सांगलीच्या माझ्या कर्णबधिर मावसभावाला लेकाच्या या नंबरवर व्हिडिओ कॉल लावता येत नाही, म्हणून त्यांचं व्हॉट्सअ‍ॅपवर चालतं. भारतीय खुणांच्या भाषेत अक्षरांना दोन्ही हात लागतात, त्यामुळे तो मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून उभा करतो आणि दिव्याकडे तोंड करून बसतो.