ग्रुपवर बोलायची रीत

वसमतजवळ माझी तीन एकर हळद आहे, आणि २०१८ पासून हळदवाल्या शेतकऱ्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप मी सांभाळतो. तेव्हा एका ग्रुपात २५६ च्या वर माणसं मावत नव्हती. आता १०२४ मावतात. आम्ही सहाशेच्या पुढं गेलोय. ग्रुपवर कसं बोलायचं याच्या काही गोष्टी आम्ही हळूहळू ठरवत गेलो. दुसऱ्या गावचे ग्रुपवाले मागतात, म्हणून एकदाच लिहून काढतो.

सुरुवात कुठून झाली ते आधी सांगतो. ऑगस्ट होता, आठ-दहा दिवस झड लागलेली. रात्री जेवणाच्या वेळेला एका वयस्कर मामांनी लिहिलं, ‘हळद पिवळी पडली काय मारू’. एका पोरानं लगेच टाकलं, ‘मामा, हळद पिवळीच असते.’ खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. त्यात एक माझाही होता. मामांनी पुढं काही लिहिलं नाही. दसऱ्याच्या आसपास त्यांच्या शिवारात जाणं झालं, तर खालच्या अंगाचा अर्धा एकर बसलेला. झाड ओढलं की हातात येत होतं, गड्डा दाबला की बोट आत जात होतं, आणि वास उभं राहू देत नव्हता. कंदकूज. मामा बांधावर बसून एवढंच म्हणाले, ‘इचारलं व्हतं की म्या. तुमी हासले.’

वेळेत चर काढून पाणी बाहेर घातलं असतं, आळवणी केली असती, म्हणजे औषधाचं पाणी मुळाशी ओतलं असतं, तर निम्मं तरी हाती लागलं असतं. त्या दिवसापासून आमच्या ग्रुपात प्रश्नाला हसायचं नाही. साधा असो, दहाव्यांदा आलेला असो. ‘वर सांगितलंय, बघा’ असंही म्हणायचं नाही. दिवसाला दोनशे मेसेज पडतात, चष्मा लावून माणूस वर कुठवर जाणार? ज्याला जुनं उत्तर आठवतं त्यानं ते शोधून पुन्हा पुढं ठेवावं.

विचारणाऱ्यानंही थोडे कष्ट घ्यावेत. नुसतं ‘पिवळी पडली’ म्हटल्यावर कुणी काय सांगावं? शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी पडलेलं असू शकतं. खालची जुनी पानं आधी पिवळी होत असतील तर नत्राकडं बघावं. कडा वाळत पिवळेपणा आत सरकतोय आणि झाड सहज उपटतंय, तर गड्डा बघितल्याशिवाय बोलूच नये. आणि जानेवारीत पिवळी पडत असेल तर ती पक्व होतेय, काहीही मारायचं नाही. म्हणून विचारताना लागवड कधीची, वाण कोणतं, रानात पाणी थांबतं का, आधी काय फवारलं, हे लिहावं. फोटो दिवसाउजेडी काढावेत: पूर्ण झाड, पानाच्या दोन्ही बाजू, आणि एखादं झाड उपटून गड्डा. लिहिता येत नसेल तर बोलून पाठवावं, पण मिनिटाच्या आत. आमचे कितीतरी लोक वाफ्यात उभं राहून ऐकतात. सांगितलेला इलाज लागू पडला की नाही, हे पंधरा दिवसांनी येऊन सांगावं. हे फार थोडे लोक करतात, आणि मला त्याचं वाईट वाटतं. ज्यानं रात्री अकराला जागून उत्तर दिलं, त्याला पुढं काय झालं ते कळायला नको का?

कुणाच्या बोलीला आणि शुद्धलेखनाला हात लावायचा नाही. ‘व्हतं’ लिहिणाऱ्याला ‘होतं’ शिकवायला हा ग्रुप नाही.

आता उत्तर देणाऱ्यांचं. औषध सुचवताना आपलं दुकान असेल तर आधी तसं सांगावं. दुकान असणं गुन्हा नाही, लपवणं वाईट. आणि प्रमाण लिहून झालं की पाठवण्याआधी एकदा वाचावं. आमच्यातल्या एका जाणत्या माणसाला करप्यासाठी, म्हणजे पानावरच्या डागांच्या रोगासाठी, मॅन्कोझेब हे बुरशीनाशक दहा लिटर पाण्याला २५ ग्रॅम सांगायचं होतं, घाईत ‘एका लिटरला’ लिहून बसले. एकदम दहापट. लक्षात आलं तसा त्यांनी गुपचूप मेसेज काढून टाकला. पण तोवर तिघांनी वहीत उतरवून घेतला होता, आणि त्यातल्या एकानं दुकानावरून मला फोन केला म्हणून निभावलं. पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांपर्यंत बदलता येतो, सगळ्यांच्या फोनवरून काढून टाकायला दोन-अडीच दिवस मिळतात. वहीतला काढता येत नाही. म्हणून चूक झाली की ‘दुरुस्ती’ हा शब्द पहिला लिहायचा, मग काय चुकलं आणि बरोबर काय. दुरुस्ती टाकणाऱ्याला कुणी टोमणा मारला, तर मी त्या टोमणा मारणाऱ्याला फोन करतो. चूक कबूल करायची लाज वाटायला लागली तर पुढच्या वेळी कुणी कबूल करणार नाही.

दुसऱ्याची चूक दाखवायची तर आधी त्याला एकट्याला सांगावं. लगेच नुकसान होण्यासारखं असेल तरच ग्रुपवर, आणि तेव्हा माणसाचं नाव घ्यायचं नाही. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहा वाजून आठ मिनिटांनी आमच्या हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, दहा-अकरा मिनिटांत दुसरा. हळद शिजवायचे दिवस, माणसं रानात. दुपारी ग्रुपवर आलं: ‘आज रात्री ११ ला मोठा भूकंप, घरात झोपू नका.’ वर दोन बाणांची खूण, म्हणजे किती हातांतून फिरून आलेलं. ज्यानं टाकलं त्याचं आजोळ किल्लारीकडं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात त्या घरातली माणसं गेली. त्याला चारचौघांत ‘अफवा पसरवतो’ म्हणायला माझी जीभ रेटली नाही. मी ग्रुपवर लिहिलं, ‘भूकंप अमुक वाजता येणार हे आज जगात कुणालाच आधी सांगता येत नाही. झालेल्या धक्क्यांची नोंद राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राकडं असते, तिथं बघा. ज्यांच्या भिंतींना तडे गेलेत त्यांनी मात्र आत झोपू नये.’ मग त्याला फोन लावला. दहा मिनिटं आम्ही किल्लारीचंच बोललो. मेसेज त्यानं स्वतः काढला.

कुठून आलं, कधीचं आहे, हे माहीत नसलेलं पुढं ढकलू नये, हे सगळेच सांगतात. मी एक जोडतो: वाचून आपल्याला घाम फुटला असेल तर फोन खाली ठेवावा, पाणी प्यावं, मग ठरवावं.

एक अवघड गोष्ट लिहायची राहिली. २०२३ च्या सप्टेंबरापासून आरक्षणाच्या वादात आमच्याकडचे ग्रुप उसवत गेले. आमच्यातही आडनाव बघून उत्तरं द्यायला लागले. एकाच्या कंदमाशीच्या प्रश्नाला दोन दिवस कुणी हात लावला नाही, आणि तो का लावला नाही हे सगळ्यांना कळत होतं. आरक्षण हा लेकराबाळांचा प्रश्न आहे, त्यावर बोलूच नये असं मी म्हणणार नाही. पण ते बोलणं इथं नाही, हे आम्ही दोन्हीकडच्या चार-चार जाणत्यांना माझ्या ओसरीवर बसवून ठरवलं. ग्रुपवर आडनावानं हाक मारायची नाही: मामा, दादा, अप्पा, ताई, अक्का. कुणी राम राम घातला तर राम राम, जय भीमला जय भीम, सलामला सलाम. दोन दिवस उत्तर नसलेला प्रश्न दिसला तर तो मी स्वतः वर आणतो, मग तो कुणाचाही असो.

बायका चाळीसेक आहेत, आणि त्यातल्या दोघींना शिजवण्या-वाळवण्यातलं माझ्याहून जास्त कळतं. नंबर दिसतो म्हणून त्यांना एकटं गाठून मेसेज करायचा नाही. विचारायचं ते ग्रुपवर. इथं समज वगैरे नाही, थेट काढतो. आजवर दोघांना काढलंय.

निघून जायचं असेल तर जावं, कारण सांगायची सक्ती नाही. हल्ली कुणी बाहेर पडलं की त्याची सूचना फक्त ॲडमिनला येते, बाकीच्यांना नाही. ते मी ग्रुपवर बोलत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर त्या माणसाला फोन लावतो आणि हळद कशी आहे ते विचारतो.