केबलच्या भंगारातून तांब्याचा दाणा: नवी मुंबईत युनिट टाकताना

तांब्याच्या धंद्यात नव्या माणसाने भट्टीपासून सुरुवात करू नये. तांबं वितळायला १०८५ अंश सेल्सिअस लागतात. इंधन, धूर, परवानग्या सगळंच अंगावर येतं. केबल दळून तांब्याचा दाणा काढायची लाइन, म्हणजे एकामागोमाग लावलेली मशीनं, साध्या गाळ्यातही बसते.

जागा महापे, रबाळे, पावणे, तुर्भे नाहीतर तळोजा एमआयडीसीत बघा. भाडेकरारावर सही करण्याआधी गाळा कुठल्या कामासाठी मंजूर आहे ते तपासा. प्रदूषण नियंत्रण मंडळाची आधी उभारणीची संमती, नंतर चालवण्याची. आवरणासकट तांब्याची तार २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या चौथ्या अनुसूचीत येते, त्यामुळे मंडळाचं वेगळं प्राधिकारपत्रही लागतं. हे कागद हातात येईपर्यंत मशीनचा ॲडव्हान्स देऊ नका.

खरी कमाई खरेदीत ठरते. प्रत्येक लॉटमधली एक किलो तार हाताने सोला, निघालेलं तांबं वजन करा आणि त्यावरच भाव बोला. तारेवर कानस मारून बघा: आत पांढरं दिसलं, तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. जेली भरलेली टेलिफोन केबल वेगळी ठेवा, तिचा चिकटा सगळी लाइन बरबटवतो. बिलाशिवाय माल घेऊ नका. चोरीची केबल जाणूनबुजून घेणाराही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये अडकतो. विक्रेता नोंदणीकृत नसेल तर जीएसटी आपणच भरायचा असतो.

जाड केबल सोलून काढा, चकचकीत तारेला दाण्यापेक्षा चांगला भाव मिळतो. बारीक माल श्रेडर (तुकडे करणारं मशीन), लोखंड ओढून घेणारं चुंबक, ग्रॅन्युलेटर (पात्यांनी बारीक दाणे करून जाळीतून काढणारं मशीन) आणि शेवटी हवेवर चालणारं हलतं टेबल अशा क्रमाने जातो. धुळीसाठी बॅग फिल्टर, म्हणजे धूळ अडवणाऱ्या कापडी पिशव्या, हवाच.

तांब्याची घनता ८.९६ आणि आवरणाच्या प्लास्टिकची, म्हणजे पीव्हीसीची, साधारण १.४ (ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर), म्हणून टेबलावर दोन्ही वेगळी होतात. पण टेबलाचा वारा जास्त झाला की केसासारखं बारीक तांबं प्लास्टिकबरोबर निघून जातं. ग्रॅन्युलेटरची पाती बोथट झाली की तार कापली न जाता दुमडते आणि घडीत प्लास्टिक अडकतं. तापलेलं पीव्हीसी मऊ होऊन तांब्याला चिकटतं ते वेगळंच. ग्रॅन्युलेटरच्या जाळीची भोकं मोठी असतील तर बारीक तारेचं आवरण सुटतच नाही.

रोज संध्याकाळी टाकाऊ प्लास्टिकचा एक किलो घेऊन परातीत पाण्याने घोळवा. वरचं प्लास्टिक हळूहळू पाण्याबरोबर ओतून द्या, तळाशी लालसर चमक उरेल. ती वाळवून तोला. दिवसाला १,००० किलो केबल दळून ४०० किलो प्लास्टिक निघत असेल आणि त्यात १ टक्का तांबं जात असेल, तर रोज ४ किलो गेलं, २५ दिवसांत १०० किलो.

तार जाळून तांबं काढायचा मोह कधीच नको. पीव्हीसी जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू आणि डायॉक्सिन तयार होतात, ते आधी आपल्याच कामगारांच्या छातीत जातात. शिवाय जळक्या तांब्याला भावही पडूनच मिळतो.

पावसाळ्यात ओली केबल दळू नका. दमट चुरा टेबलावर सरकत नाही, गोळे होतात. माल शेडमध्ये फळ्यांवर रचा, दाणा झाकणाच्या पिंपात ठेवा, नाहीतर तो काळवंडतो.